साबणाचा विनोद आणि तुरुंगातून सुटलेला मित्र

पत्राचा गोषवारा : सांगलीचे एक वाचक लिहितात. २००८ च्या सुमारास शिकायला असताना विश्रामबागेत ते आणि त्यांचे मित्र एका खोलीत राहायचे. कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून 'लेट्स गो टू प्रिझन' हा चावट इंग्रजी तुरुंगपट आला आणि त्याची इतकी पारायणं झाली की खोलीचं नाव 'बराक' पडलं. आज व्हॉट्सॲप ग्रुपचं नावही तेच आहे. त्यांच्यातला एक जण वडिलांमुळे एका पतसंस्थेवर संचालक होता. ठेवी अडकल्या, गुन्हा दाखल झाला, त्याला अटक झाली. काही आठवडे आत काढून तो जामिनावर सुटला. त्याच रात्री ग्रुपवर एकाने साबणाच्या वडीचा फोटो टाकून खाली लिहिलं, 'काय रे, बॅरी भेटला का?' (बॅरी हा त्या सिनेमातला धिप्पाड कैदी.) सगळ्यांनी हसण्याचे इमोजी टाकले, पत्र लिहिणाऱ्यांनीही टाकला. तो मित्र काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडला. दिवाळीनंतर हरिपूरला एकाच्या मळ्यात सगळे जमणार आहेत आणि रात्री पडद्यावर तोच सिनेमा लावायचं ठरलं आहे. बाकीच्यांचं म्हणणं, 'पूर्वी तोच सगळ्यात जास्त हसायचा, आता काय झालं?' पत्नीचं म्हणणं, 'तो विनोद कशावर आहे हे तुम्हाला आत्ता कळलं का?' वाचकांनी सिनेमा एकट्याने पुन्हा पाहिला आणि त्यांना पुन्हा हसू आलं. ते विचारतात : सिनेमा लावू द्यावा का? मित्राची माफी मागावी का? आणि अजून हसू येतं म्हणजे माझ्यातच काही खोट आहे का?

नमस्कार,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं तुम्ही जरा निवांत वाचाल. हसू आलं म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. हसू परवानगी काढून येत नाही. विशीत ज्या जागी हसायची सवय लागली, त्या जागी चाळिशीजवळही ओठ आपोआप हलतात. हा सिनेमा मी पाहिला आहे. काही ठिकाणी मलाही हसू फुटलं होतं आणि काही ठिकाणी मी रिमोट शोधत होते.

पण मला एक विचारायचं आहे. पुन्हा पाहताना तुम्हाला गोष्ट नवीन वाटली का? विचारते याचं कारण असं, की तुमच्या एवढ्या लांबलचक पत्रात बॅरी आहे, साबण आहे, खोलीतली गादी आणि स्टेशन चौकातली भेळ आहे, पण सिनेमाच्या कथेबद्दल एक ओळ नाही. म्हणून तुम्हाला आणि इतर वाचकांना ती थोडक्यात सांगते.

जॉन हा भुरटा चोर. लहानपणापासून एकाच न्यायाधीशाने त्याला पुन्हा पुन्हा आत पाठवलेलं. सुटल्यावर तो सूड घ्यायला निघतो, तर न्यायाधीश नुकताच वारलेला. मग तो त्याच्या गर्भश्रीमंत, उर्मट मुलावर, नेल्सनवर डाव धरतो. नेल्सनला दम्याचा त्रास आहे. जॉनच्या करामतीमुळे ऐन वेळी त्याला इनहेलर मिळत नाही. जीव घुसमटलेला नेल्सन औषधाच्या दुकानात धडपडत शिरतो आणि लोकांना तो दरोडा वाटतो. त्याच्याच संस्थेतली माणसं त्याला वाऱ्यावर सोडतात. असा न केलेल्या गुन्ह्यासाठी माणूस आत जातो, आणि त्याचे हाल जवळून पाहता यावेत म्हणून जॉन मुद्दाम स्वतःला पकडवून त्याच्याच कोठडीत येतो. २००६ चा सिनेमा. दिग्दर्शक बॉब ओडेनकर्क, जो पुढे 'ब्रेकिंग बॅड' या मालिकेतल्या सॉल गुडमन या वकिलाच्या भूमिकेने जगभर माहीत झाला. समीक्षकांनी सिनेमा झोडपला, थिएटरातही तो फारसा चालला नाही. तो जगला तुमच्यासारख्या खोल्यांमध्ये.

आता बघा. ज्याच्यावर काही आठवड्यांपूर्वी तुरुंगात जायची वेळ आली अशा माणसाने हा सिनेमा आज पाहिला, तर त्याला बॅरी आधी दिसेल की औषधाच्या दुकानातला तो प्रसंग? तुमचा मित्र दोषी आहे की नाही हे मला ठाऊक नाही आणि तुम्हालाही नाही. ते कोर्ट ठरवेल. पण 'सगळे मला ओळखतात, तरी कुणी पुढे आलं नाही' ही नेल्सनची अवस्था त्याला आता समजत असणार, एवढं म्हणायला हरकत नाही.

सिनेमे आपल्याला तुकड्यांनीच आठवतात, यात तुमचा काही दोष नाही. आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. औंध संस्थानच्या काळात, १९३९ मध्ये, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. कल्पना मॉरिस फ्रिडमन यांची, आणि राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी ती उचलून धरली. भिंती नाहीत, कैदी शेती करणार. तिथल्या हकिकतीवर शेटफळ्यात जन्मलेल्या गदिमांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. विचारून बघा आजूबाजूला : लोकांना प्रार्थना आठवते आणि बैलाशी झुंजताना बापूंच्या डोळ्याला झालेली इजा आठवते. हे सगळं आपल्या आटपाडीतलं, हे किती जणांना सांगता येईल? तुमच्याही डोक्यात सिनेमातला एक तुकडा उरला आहे, आणि त्याला चिकटून ती खोली, ते वय, ती भेळ आली आहे. तुम्ही जपताय ते प्रामुख्याने त्या खोलीला. तिला धक्का न लावता तो तुकडा बाजूला काढता येतो, आणि तसं तुम्ही करावं असं मला वाटतं.

त्या तुकड्यात नेमकं काय आहे ते एकदा नीट पाहू, कारण तुमच्या पत्नीचा प्रश्न तुम्ही चेष्टेवारी नेलाय आणि मला तो तुमच्या तिन्ही प्रश्नांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. बॅरी धिप्पाड आहे, सगळी बराक त्याला वचकून असते. तो नेल्सनजवळ येतो तेव्हा आपण श्वास धरतो, आणि तो मात्र तुरुंगातच गाळलेली वाइन पाजून प्रेमाच्या गोष्टी करू लागतो. आपण हसतो, कारण आपल्या मनात बलात्काराची अपेक्षा आधीच तयार होती. ती अपेक्षा आपण घरून घेऊन येतो. साबणाचा विनोदही या एका सिनेमाचा नाही, अमेरिकेतल्या तुरुंगविनोदांचं ते जुनंच नाणं आहे. सामायिक शॉवर, खाली पडलेला साबण, वाकलेला माणूस. यात बलात्कार सोडून दुसरं काही नाही. कैदी बाई असती तर तुम्ही खोलीत हसला असतात का? पुरुष आहे म्हणून चालतं, असं आपण कधी ठरवलं?

ज्या देशात हा विनोद पिकला, तिथल्या संसदेने २००३ मध्ये तुरुंगातले बलात्कार थांबवण्यासाठी एकमताने कायदा केला. तुमचा सिनेमा त्यानंतर तीन वर्षांनी आला. म्हणजे 'तेव्हा कुणाला काही वाटत नव्हतं' हे तुमच्या मित्रांचं वाक्य त्या देशापुरतंही खरं नाही. आपल्याकडे तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतल्या अनैसर्गिक संभोगाबद्दलच्या ३७७ सारखं कलमच नाही, त्यामुळे सज्ञान पुरुषावर असा अत्याचार झाला तर त्याला बलात्कार म्हणणारं कलम सापडत नाही. पोलीस दुसरी कलमं लावतात. हे वाचून कुणाला गंमत वाटणार असेल तर वाटो.

तुमच्या मित्रासोबत आत असं काही घडलं, असं मी अजिबात सुचवत नाही. तुम्हीही तसं मनात धरून त्याच्याकडे जाऊ नका. ते फार वाईट होईल. आपल्याकडच्या जुन्या तुरुंगांमध्ये अंघोळ बहुधा उघड्या हौदावर, सगळ्यांच्या देखत, घाईघाईने होते. त्याला आठवत असेल तो हौद, नाहीतर गर्दीत झोपायला मिळालेली अंगापुरती जागा, जाळीपलीकडून झालेली मुलाखत, आणि आईला तिथवर यावं लागलं ही गोष्ट. देशात २०२२ च्या अखेरीस ५ लाख ७३ हजारांवर माणसं तुरुंगात होती आणि त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे चारांतले तीन. खटला संपलेला नाही, शिक्षा झालेली नाही, तरी आत. सांगलीत तुरुंग म्हटलं की आपण २४ जुलै १९४३ सांगतो : वसंतदादा आणि साथी तुरुंग फोडून बाहेर पडले, गोळीबार झाला, दादा जखमी झाले, दोन साथी गेले. ती गोष्ट अभिमानाने सांगता येते. स्वतंत्रपूरचीही येते. तुमच्या मित्राच्या वाट्याला आलेला तुरुंग सांगण्यासारखा नाही, आणि चौकात सगळ्यांना माहीत मात्र आहे.

आता कुणी म्हणेल, ही बाई सोवळी दिसते. तसं नाही. चावटपणाशी माझं भांडण नाही आणि आपल्या मातीला तर ते शोभणारही नाही. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. घरदार, जात, अब्रू मागे टाकून तमाशात गेले. बतावणीत काय काय बोललं जातं ते जत्रेत पुढे बसलेल्यांना विचारा. दादा कोंडक्यांच्या सिनेमांवर या भागातल्या तंबूंनी कमाई केली. पण सोंगाड्या कुणाच्या अंगावर जातो ते बघा : पाटील, कोतवाल, हवालदार, सावकार. ज्याच्या हातात काठी आहे त्याचं धोतर तो सोडतो. तुमच्या ग्रुपवरचा फोटो काठी खाल्लेल्या माणसाच्या अंगावर टाकलेला होता, तोही तो बाहेर आला त्याच रात्री. खोलीत तुम्ही सगळे हसायचात तेव्हा तुरुंग तुमच्यापैकी कुणाचाच नव्हता. तोही हसायचा, बरोबर आहे. तेव्हा त्याला काही माहीत नव्हतं.

तुमच्या पत्रातली एक ओळ तुम्ही घाईत, ताजा कलम म्हणून लिहिली आहे : 'ज्याने फोटो टाकला त्याच्या आईची एफडीसुद्धा त्याच पतसंस्थेत अडकली आहे.'

हे पत्राच्या तळाशी का? मला तर सगळं पत्र या ओळीवर उभं वाटतं. तो फोटो टाकणाऱ्याला गंमत करायची होती असं तुम्ही धरून चाललाय. मला तसं वाटत नाही. त्याला विचारायचं होतं, 'माझ्या आईचे पैसे कुठे आहेत?' ते विचारायची त्याला हिंमत झाली नाही, किंवा मैत्री आडवी आली. मग त्याने जुना विनोद काढला, कारण त्या खोलीचा विनोद म्हटल्यावर कुणी जाब विचारणार नाही. बाकीच्यांनीही, तुम्ही धरून, इमोजी टाकून अवघड गोष्ट टाळली. ग्रुपमधून बाहेर पडणाऱ्याला मात्र हे त्याच क्षणी कळलं असेल. साबण कुणी पाठवला आणि का, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? 'एवढं काय मनावर घ्यायचं' असं तुम्ही म्हणत राहिलात तर त्याला ते अजूनच खोटं वाटेल.

तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या करा, आणि दोन्हींसाठी स्वतंत्र बोला.

पहिलं बोलणं फोटो टाकणाऱ्याशी. त्याला शहाणपण शिकवायला जाऊ नका. त्याच्या आईच्या ठेवीचं काय झालं ते विचारा. त्याचा राग खरा आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं, आणि एफडीच्या पावतीकडे बघत बसलेल्या म्हातारीला हे कुणी आधी सांगितलेलं नसतं. तिने आर्थिक गुन्हे शाखेत पावतीची प्रत देऊन जबाब नोंदवला आहे का? गुन्ह्यात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, लावला आहे का? लावला असेल तर संबंधितांची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे देण्याची वाट त्यात आहे, पण ठेवीदारांच्या यादीत नाव हवं. सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात लेखी अर्ज दिला आहे का? यातलं एखादं काम राहिलं असेल तर त्याच्याबरोबर जा. राग तिथे खर्च झाला की ग्रुपवर साबण टाकायची गरज बरीच कमी होते. आणि त्याला साधं सांगा, 'तुला त्याला विचारायचं असेल तर समोर बसून विचार. मी बरोबर येतो.'

दुसरं बोलणं मित्राशी. ग्रुपवर काही लिहू नका, त्याला न विचारता परत ग्रुपमध्ये घेऊ नका. केस चालू आहे, स्क्रीनशॉट कुठे जातील सांगता येत नाही. फोन करा, किंवा सरळ घरी जा. त्याच्या आईला आधी भेटा. 'तुला राग आला का?' असं विचारू नका, तो 'नाही' म्हणेल आणि विषय मिटेल. 'आत काय काय झालं?' हेही विचारू नका. केसच्या तपशिलात शिरू नका, तुम्ही वकील नाही आणि उद्या साक्षीला बोलावलेलंही तुम्हाला आवडणार नाही. माफी मागायची तर एका वाक्यात मागा आणि स्वतःपुरती : 'त्या फोटोवर मी हसलो, ते चुकलं.' पुढे ग्रुपच्या वतीने स्पष्टीकरणं देत बसू नका, त्यात तुमचाच निर्मळपणा सिद्ध करायची धडपड दिसते. त्यापेक्षा विचारा, 'पुढची तारीख कधी आहे? मी येऊ?' कोर्टाच्या आवारात, नाव पुकारलं जाईपर्यंत बाकावर बसून राहणं फार एकट्याचं असतं. ओळखीचे लोक लांबून बघतात आणि वळतात. एका तारखेला शेजारी बसलात तर माफीचं काम बरंचसं होऊन जाईल. तो 'नको' म्हणाला तर आग्रह नको. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.

एक मात्र सांभाळा. त्याच्या बाजूने उभं राहणं म्हणजे ठेवीदारांच्या विरुद्ध उभं राहणं, असं कुणी तुम्हाला म्हणेल. तुम्हालाही रात्री तसं वाटेल. चाळीस लाख अडकलेल्या माणसाला तुमची मैत्री दिसत नाही, आणि त्याचंही चूक नाही. पण म्हातारीची पावती घेऊन पोलिसांकडे जाणं आणि मित्राशेजारी बाकावर बसणं, ही दोन्ही कामं एकच माणूस एकाच आठवड्यात करू शकतो. अवघड आहे, अशक्य नाही. नात्यांनी बांधलेल्या लहान शहरात हे करावंच लागतं. घटस्फोट झालेली मैत्रीण असो, व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेला भाऊ असो किंवा दिवाळं निघालेला शेजारी असो, अशा वाचकांनाही मी हेच सांगेन. आपल्या जुन्या चेष्टांपैकी कोणती आता त्याच्या अंगाला लागते, ते आपणच ओळखून बंद करावी. त्याला सांगायला लावू नये.

आता सिनेमाचं. हरिपूरच्या मळ्यात या दिवाळीला तो लावू नका. मित्र येणार असो वा नसो. तो अश्लील आहे म्हणून नव्हे. तुमचं वय झालंय, तुम्ही काय बघावं हे मी ठरवणार नाही. पण तो लावला की पडद्याऐवजी सगळे रिकाम्या खुर्चीकडे बघतील, नाहीतर भरलेल्या. आणि बदलाचं कारण ग्रुपवर जाहीर करू नका. 'त्याला वाईट वाटेल म्हणून नको' असं लिहिलंत की पुन्हा सगळी चर्चा त्याच्यावरच. प्रोजेक्टर तुमच्याकडे आहे असं तुम्ही लिहिलंय ना? मग प्रश्न सुटला. दुसरं काहीतरी आणा, किंवा काहीच आणू नका. कृष्णा-वारणेच्या संगमावर जाऊन बसा, तांबडा-पांढरा करा, खोलीतले बाकीचे किस्से काढा. ते नक्की बरेच असतील.

फाइल डिलीट करायची की नाही, असंही तुम्ही विचारलंय. करायची गरज नाही. कधी एकटे असाल तेव्हा औषधाच्या दुकानापर्यंतचा भाग पुन्हा बघा. तिथे सिनेमा तुमच्या आठवणीपेक्षा बराच बोचरा आहे.

राहता राहिलं, तो आलाच तर. आलेला माणूस कदाचित स्वतःच आतला एखादा किस्सा काढेल, आणि तो हसवणाराही असेल. आत राहून आलेल्यांकडे असे किस्से असतात, आणि त्यांतले काही इतके काळे असतात की ऐकणाऱ्याला कुठे बघावं कळत नाही. त्याला तो पूर्ण सांगू द्या. मध्येच 'अगदी सिनेमात होतं तसं!' म्हणून कुणी ओरडलं तर त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढा आणि गप्प बसवा. किस्सा हसण्यासारखा असेल तर हसा. त्यात आपली भर घालू नका.